कड्यावर नाव घेत नाहीत

आखातातल्या रुवैसला ऑगस्टात सकाळी आठच्या आतच लोखंड तापतं. हातमोजे घातले तरी पाइपची धग तळव्याला लागते. करंजवाडीच्या माणसांनी तर हातमोज्यांची बोटं कापून टाकली होती. बोटं झाकली की पकड कळत नाही, असं त्यांचं म्हणणं. ही सात माणसं होती, सातही नाईकवाडी आडनावाची, सह्याद्रीतल्या करंजगडाच्या पायथ्याची. रिफायनरीतल्या उंच टॉवरांभोवती पाइप आणि क्लॅम्प जोडून मचाण बांधायचं, स्कॅफोल्डिंग म्हणतात ते, हे त्यांचं काम. दुसऱ्या माणसांना जे बांधायला चार दिवस लागत ते ही दोन दिवसांत उभं करत. बाकीचे कामगार त्यांना बंदर पार्टी, म्हणजे माकडांची टोळी म्हणत. सगळे हसत आणि करंजवाडीचेही हसत. एक गणू तेवढा हसत नसे.

गणू हा केरूचा धाकटा भाऊ. केरू सत्तेचाळीस वर्षांचा, आखातात येऊन त्याला आठ वर्षं झालेली. गणू त्याच्याहून नऊ वर्षांनी लहान, दोन वर्षांमागं केरूच्याच शब्दावर आलेला. त्याची बायको सत्यभामा राजी नव्हती. थोरल्या दिराशी समोरासमोर बोलायची त्यांच्याकडं रीत नाही, म्हणून ती केरूला ऐकू जाईल अशा बेतानं चुलीपाशी सासूला म्हणाली होती, "न्या म्हणावं न्यायचं तर. पण नेला तसा आणून द्या म्हणावं." केरू उंबऱ्यात बसून पायातला काटा काढत होता. त्यानं मान वर न करता "आणीन" म्हणून सांगितलं होतं. त्या एका शब्दाचं ओझं तो दोन वर्षं वागवत होता. गणूला ताप आला तर हा रात्रभर उठून बसे, आणि गणू वर चढला की याचं अर्धं लक्ष त्याच्या पायाकडं.

त्या वर्षी, म्हणजे अठ्ठ्याण्णव साली, प्लँटचं मोठं शटडाउन निघालं. एकेक भाग बंद करून दुरुस्ती करायची आणि शेजारचा भाग चालूच ठेवायचा. शटडाउनसाठी हॅरिस नावाचा नवा सेफ्टीसाहेब आला. लाल तोंडाचा, उंच, खांद्याला भोंगा लटकवलेला. मागं कुठल्या तरी प्लँटात गॅस सुटला तेव्हा एक माणूस वरच राहून गेला होता, आणि ते या साहेबाच्या डोक्यातून जात नव्हतं. त्यानं कायदा काढला. दर तासाला खालून यादी वाचायची. ज्याचं नाव येईल त्यानं वरून ओ द्यायची आणि हात वर करायचा.

कायदा चांगलाच होता. वाईट म्हणायला काही जागा नाही.

पहिल्या दिवशी यादी वाचली मुनीरनं. मुनीर रत्नागिरीकडचा, पंधरा वर्षं टाइमकीपर, सातही जणांना चांगला ओळखणारा. त्यानं मान वर करून खणखणीत आवाजात नाव घेतलं, "गणू सोमा नाईकवाडी!" वर कुणी हललं नाही. स्पॅनर चालूच राहिले. "केरू सोमा नाईकवाडी!" केरू पाठ फिरवून क्लॅम्प आवळत राहिला. मुनीरनं सातही नावं दोन-दोनदा घेतली. सात पाठी त्याच्याकडं होत्या आणि एकही वळली नाही.

साहेबानं सगळ्यांना खाली उतरवलं, अवजारांच्या कंटेनरपाशी रांगेत उन्हात उभं केलं आणि पुन्हा यादी वाचायला लावली. आता मात्र नाव आलं की जो तो "येस सर" म्हणत होता. साहेब चक्रावला. खाली ऐकू येतं आणि वर येत नाही, म्हणजे कानाचं दुखणं असणार, असं त्यानं ठरवलं आणि सातही जणांना गाडीत घालून दवाखान्यात धाडलं. तिथल्या डॉक्टरणीनं एकेकाच्या कानात बॅटरी मारून बघितलं, पाठीमागं उभं राहून टिचक्या वाजवल्या. बाकावर रांगेनं बसलेली ही रापलेली माणसं शाळेतल्या पोरांसारखी आपली पाळी येण्याची वाट बघत होती. दुसऱ्या कंपनीचे कामगार खिडकीतून बघून खिदळत होते. सातही कान, म्हणजे चौदाही, शाबूत निघाले.

मग साहेब चिडला. पुन्हा कुणी वरून ओ दिली नाही तर व्हिसा कॅन्सल, तिकीट हातात, असं त्यानं मुनीरकरवी सांगितलं.

शुक्रवारी दुपारी मुनीर कॅम्पात त्यांच्या खोलीवर आला. दुमजली खाटांची खोली, वर घरघरणारा एसी. केरू कांदे चिरत होता, गणू पीठ मळत होता, बाकीचे पाच खाटांवर होते.

"काय रे केरू, हा काय तमाशा लावलाय?" मुनीर खाटेवर टेकत म्हणाला. "माझी गर्दन अडकवता तुम्ही. गोरा मला विचारतो, ये लोग बहरा है क्या?"

"बहिरं न्हाई भाई," केरू म्हणाला. "कड्यावर नाव घेत न्हाईत आमच्यात."

"कडा कुठाय इथं? टॉवर आहे तो."

"उंच ते समदं कडाच."

मुनीरनं त्याच्याकडं बघितलं. माणूस चेष्टा करतोय असं काही दिसेना. "का नाही घेत?" त्यानं विचारलं.

केरूनं सुरी खाली ठेवली. ही गोष्ट करंजवाडीत पोराला चालायला यायच्या आधी कळते, पण ती बाहेरच्याला सांगायची वेळ त्याच्यावर कधी आली नव्हती. त्यामुळं तो अडखळत सांगू लागला. पेशवाई बुडाली त्या साली इंग्रजाची पलटण गडाखाली आली. गड नाईकवाड्यांच्या ताब्यात. चाळीस माणूस वर, आणि वर जायला कातळात खोदलेल्या पायऱ्यांची एकच वाट. अकरा दिवस गड पडला नाही. बाराव्या दिवशी नाईकाचा थोरला लेक दाणागोटा आणायला रानातून खाली उतरला आणि सापडला.

"त्याच्या कमरंला हजेरीपट घावला," केरू म्हणाला. "चाळीस नावं. इंग्रजानं त्याचं हात मागं बांधलं, कड्याखाली हुबा केला, शेजारी सोता हुबा ऱ्हायला. म्हनला, एकेकाला नावानं हाक मार. अभयाचा कौल दिलाय म्हून सांग."

"मारली?"

"मारली. आपल्या मानसाचा आवाज, कोन येनार न्हाई? एकुनीस जण उतरलं. खालच्या करंजीच्या झाडांना एकुनीस जण टांगलं. इसावं नाव त्याच्या पाठच्या भावाचं हुतं."

"मग?"

पीठ मळता मळता गणू म्हणाला, "त्यानं वाकून बघितलं. भावाचा आवाज हाय, पर हात मागं हायेत, आन शेजारी गोरा हाय. तो उतरला न्हाई. वर गेला. रातच्याला पल्याडच्या घळीतनं निसटला. आमी त्याच्या वंशाचं."

गड पडल्यावर इंग्रजानं सुरुंग लावून पायऱ्या उडवल्या. पुन्हा कुणी वर जाऊन बसायला नको. नाईकवाड्यांची गडावरची शेतं गेली, राखणदारीचं इनाम गेलं, पुढं गवत कापून आणि दुसऱ्याच्या बांधावर राबून पोट भरायची पाळी आली. गडावरची देवी वरच राहिली. कातळातल्या बोटभर खोबणींना धरून वर्षातून एकदा गडीमाणसं वर जातात, दिवा लावून येतात. वाडीतल्या बायकांनी तिचं तोंड बघितलेलं नाही, त्यांच्या सासवांनीही नाही, त्या सासवांच्या सासवांनीही नाही. आणि चढताना कुणी कुणाचं नाव घेत नाही. हूऊ म्हणून आवाज द्यायचा. कड्यावर आपल्या माणसानं नावानं हाक मारली तर समजायचं, त्याला कुणीतरी धरलं आहे. उतरायचं नाही. वर जायचं.

मुनीर म्हणाला, "अरे, पण खलास झालं ते इंग्रजाचं राज्य. पन्नास वर्षं झाली."

"राज्य गेलं," गणू म्हणाला. "पायऱ्या कुठं आल्या?"

मुनीरनं चहा घेतला. जाताना दारात थांबून म्हणाला, "नावं नको ना? नंबर चालतील? एक ते सात?"

सातही जणांनी एकमेकांकडं पाहिलं. नंबराबद्दल वाडवडिलांनी काही सांगून ठेवलेलं नव्हतं.

गणूचं मन मात्र उडालं होतं. संध्याकाळी धुतलेले कपडे दोरीवर टाकताना तो म्हणाला, "दादा, सायेब धाडतोय तर धाडू दे मला घरी. म्या जातो. कान तपासून घ्यायला आलोय व्हय इतक्या लांब?"

"धा म्हैनं ऱ्हायलं कराराचं. तुजी लेक संजना नर्सिंगला जायाची म्हनती. मधीच काय जातोस?"

"आज नंबर म्हनतोय. उद्या पुन्ना नाव म्हनल."

"म्हनू दे. म्या तर न्हाई ना म्हननार?" केरूनं त्याच्या हातातला ओला शर्ट घेऊन पिळला. "तू वर असताना म्या तुला कंदी नावानं हाक मारायचो न्हाई. आयीची आन."

गणू राहिला. केरूनं आण घेतली म्हणून राहिला. हे पुढं केरूला जन्मभर पुरणार होतं.

मुनीरनं साहेबाला पटवलं की सगळ्यांचं आडनाव एकच, त्यानं घोळ होतो, तेव्हा नंबर बरे. साहेबाला ते शिस्तीचं वाटलं. हेल्मेटांवर लाल रंगात आकडे आले. गणू चार नंबर. केरूला हिंदी बरी येत होती म्हणून साहेबानं त्याला मुकादम करून खाली ठेवलं. दर तासाला तो मान वर करून आकडे म्हणू लागला आणि वरून हात वर होऊ लागले. "चार!" म्हटलं की गणू हात करायचा, कधी स्पॅनर उडवून झेलायचा. तीन आठवडे असं सुरळीत गेलं. साहेब एकदा केरूच्या पाठीवर थाप मारून "गुड, गुड" म्हणाला. केरूला बरं वाटलं, आणि बरं वाटलं याची थोडी लाजही वाटली.

तो बुधवार होता. दर बुधवारी दहाला सायरनची चाचणी होत असे. त्या दिवशी सायरन दहाला दहा कमी असताना वाजला. वरच्या माणसांना वाटलं चाचणीच आहे. मग तो थांबेना. चालू भागातल्या कुठल्या तरी व्हॉल्व्हमधून गॅस सुटला होता. हा विषारी गॅस आधी सडक्या अंड्यासारखा नाकाला येतो आणि वाढला की वास येईनासा होतो. वारा टॉवरच्या माथ्याकडं वाहत होता. केरूनं जीव खाऊन हूऊ केलं. खालच्या टप्प्यावरचे पाच जण भराभर उतरले. गणू सगळ्यात वर, टॉवरच्या पलीकडल्या अंगाला शेवटच्या फळ्या बांधत होता. सायरनच्या त्या आवाजात हूऊ त्याच्यापर्यंत गेलंच नाही.

पळत पळत सगळे जमायच्या जागेवर आले. मुनीरनं मोजलं. एक कमी.

"चार!" केरू ओरडला. "चाऽऽर!" आपलं ओरडणं त्यालाच ऐकू येईना. तो टॉवरकडं धावला. "म्या आनतो त्याला! पाच मिन्टात आनतो!" साहेबानं हात केला आणि दोन सिक्युरिटीवाल्यांनी केरूला दोन्ही दंडांना धरलं. वर कुणी जायचं नाही, मास्क असलेली माणसं येतायत, असं साहेब सांगत होता. केरू झटे देत होता. बाहीची शिवण उसवली.

तेवढ्यात गणू टॉवरला वळसा घालून या अंगाला आला. हेल्मेटवरचा लाल आकडा दिसला. उतरायला लागला असता तर तीन-चार मिनिटांत खाली आला असता. त्याला काही कळलेलं नव्हतं, तो कमरेला स्पॅनर अडकवत होता.

साहेबानं खांद्यावरचा भोंगा काढून केरूपुढं धरला. "कॉल हिम! नेम! कॉल हिज नेम!" सिक्युरिटीवाल्यांनी केरूचे हात सोडले. केरूनं भोंगा घेतला. भाऊ वर होता, गॅस वर चालला होता, आणि भोंग्यातून चार म्हणावं हे त्याला सुचलं नाही. मरणाच्या दारातल्या माणसाला त्याच्या भावानं जी हाक मारावी तीच त्याच्या तोंडातून निघाली.

"गणूऽऽ!"

सायरनवरूनही ती हाक स्वच्छ गेली. गणू थबकला. त्यानं कठड्याला धरून खाली वाकून बघितलं. खाली त्याला काय दिसलं ते केरूला तिथं उभ्या उभ्या कळलं. भाऊ, भावाच्या दोन्ही बाजूंना दोन शिपाई, आणि खांद्याला खांदा लावून गोरा साहेब.

"गणू! खाली ये! गणूऽऽ!"

गणू वळला. तो वर चढू लागला. मचाण सोडून टॉवरच्या शिडीला लागला, भराभर, एकेक पायरी सोडून. माथ्यावरच्या जाळीच्या फळीवर पोचला, तिथं जरा उभा राहिला आणि मग बसला. गुडघे जवळ घेऊन बसला. केरूनं भोंगा टाकून दिला आणि नुसत्या तोंडानं, आता कुणाला ऐकू जाणार नाही अशा आवाजात, हूऊ, हूऊ करत राहिला.

मास्कवाल्यांनी त्याला खाली आणायला पाऊण तास लागला. अंगावर कुठं खरचटलेलं नव्हतं. केरूनं त्याच्या डोक्यावरचं हेल्मेट काढलं, केस सारखे केले. हात अजून उबदार होते, पण रुवैसला ऑगस्टात काय, लोखंडही उबदार असतं.

दुसऱ्या दिवशी ऑफिसात जबाब झाला. इंग्रजी कागद मुनीरनं मराठीत वाचून दाखवला. "मयत कामगाराला त्याच्या सख्ख्या भावाने भोंग्यावरून नावाने स्पष्ट हाक मारली. ती त्याने ऐकली. तरीही तो खाली न येता वर गेला." मुनीर थांबला. "केरू, यात खोटं काय असेल तर आत्ता सांग. मी लिहायला लावतो."

"खोटं काय बी न्हाई," केरू म्हणाला, आणि त्यानं सही केली. पोलिसांना ती पुरेशी वाटली नाही म्हणून अंगठाही घेतला.

हॅरिससाहेब बाहेर पायरीवर बसला होता. त्याच्या तोंडावरची लाली उतरली होती. माणूस रात्रभर झोपलेला नव्हता हे दिसत होतं. केरू बाहेर येताच तो उठून उभा राहिला आणि काहीतरी बोलला.

"विचारतोय, वर का गेला?" मुनीर हळू म्हणाला.

केरूनं साहेबाकडं बघितलं. त्याच्यावर रागवावं असं खूप वाटत होतं आणि राग येत नव्हता. "म्हनावं, तुमी माझ्या शेजारी हुता म्हून," तो म्हणाला.

मुनीरनं ते इंग्रजीत सांगितलं नाही. "ही डज नॉट नो, सर," एवढंच म्हणाला.

शनिवारी केरूनं कॅम्पाबाहेरच्या बूथमधून करंजवाडीला फोन लावला. वाडीत फोन एकच, आश्रमशाळेच्या ऑफिसातला. बातमी हेडमास्तरांनी आधीच सांगितली होती. मास्तर म्हणाले, थांबा, सत्यभामाबाई इथंच आहेत. दोन दिवस इथंच येऊन बसतात. मग रिसीव्हर हातातून हातात गेल्याचा आवाज आला आणि पुढं नुसता श्वास ऐकू येऊ लागला.

केरूनं सगळं जुळवून ठेवलं होतं. गॅस होता, त्याला समजलं नाही, दुखलं नाही, झोपल्यासारखा गेला. कागद झाले की आठ दिवसांत मी घेऊन येतो. यातलं त्यानं अर्धं सांगितलं असेल नसेल.

"भावजी," सत्यभामा म्हणाली. लग्नानंतरच्या वीस वर्षांत ती पहिल्यांदा त्याच्याशी थेट बोलत होती. "मास्तर म्हनलं, ते खाली यायचं सोडून वर गेले."

"व्हय."

"मंग नावानं हाक मारली कुनी."

बूथच्या काचेवर वाळू वाजत होती. मागं एक पठाण आपली पाळी येण्याची वाट बघत उभा होता.

"म्या मारली," केरू म्हणाला.

पलीकडं कुणी रडलं नाही. शाळेत कुठंतरी पोरं पाढे म्हणत होती ते ऐकू येत होतं. मग ती म्हणाली, अगदी हळू, जणू त्याला वाट काढून देत असल्यासारखी, "तुमाला धरलं असंल कुनी. हात बांदलं असतील."

केरूला हो म्हणता आलं असतं. दंडावर दोन्हीकडं बोटांचे काळेनिळे वळ अजून होते. वाडीतल्या कुठल्याही माणसानं ते बघून मान हलवली असती आणि त्याला क्षमा केली असती, आणि तीही त्यासाठीच विचारत होती.

"आदी धरलं हुतं," तो म्हणाला. "हाक मारली तवा सोडलं हुतं."